लग्न झालंय आणि अजून शिकतोय: पुण्यातल्या संसाराच्या पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. मी विद्यापीठात फेलोशिपवर, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या पैशांवर होते आणि नवरा एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करत होता. धनकवडीत एक खोली आणि स्वयंपाकघर घेऊन आम्ही संसार मांडला. आता विभागातली आणि अभ्यासिकेतली मुलंमुली मला तेच ते प्रश्न विचारतात, तेही बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर, आवाज खाली आणून. पैशांचं बोलताना आवाज खाली आणावा लागू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत.

आम्ही दोघंही शिकतोय. महिन्याला किती पैसे लागतील?

आधी दोन ढीग करा. महिन्यात काहीही झालं तरी जाणारच असे पैसे एकीकडे: भाडं, वीज, गॅस, इंटरनेट, अभ्यासिकेची फी, प्रवास, गावी पाठवायचे पैसे. आम्ही यांना ‘बांधलेले’ म्हणायचो. बाकीचे मोकळे.

आमचा २०१९ चा हिशोब सांगते. भाडं ८,५००, वीज ६००, अभ्यासिका १,२००, सासूबाईंची औषधं २,०००, गॅस ९००, मोबाइल-इंटरनेट १,०००, बस आणि पेट्रोल १,८००. झाले १६,०००. फेलोशिप तेव्हा ३१,००० होती. उरलेल्या १५,००० पैकी किराणा, भाजी, दूध यांत ७,००० जायचे आणि ५,००० बाजूला ठेवायचो. राहिलेल्या ३,००० मध्ये दवाखाना, झेरॉक्स, कपडे आणि लग्नाचे आहेर. आहेर हा खर्च कुणी धरत नाही, पण मे महिन्यात चार लग्नं आली की गावचं तिकीट धरून तोच सगळ्यात मोठा होतो. तो वर्षाचा मिळून काढा आणि बाराने भागा.

तुमचे आकडे वेगळे असतील. पण बांधलेला ढीग मिळकतीच्या निम्म्याच्या बराच वर जायला लागला, तर भाज्यांमध्ये दहा-वीस रुपये वाचवून काही होत नाही. भाडं किंवा जागा बदलावी लागते.

फेलोशिप चार-चार महिने येत नाही. घर कसं चालवायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर पैसे येतात त्या दिवशी द्यायचं असतं, थांबतात त्या दिवशी नाही.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची जेआरएफ (पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (त्यानंतरची) ४२,००० आहे. कागदावर हा बरा पगार आहे. पण तो पगारासारखा येत नाही. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर दर महिन्याला तुमच्या संस्थेने तुमची पुष्टी करावी लागते. ती करणारी व्यक्ती रजेवर गेली, मार्गदर्शकांची सही राहिली, की तो महिना अडकतो. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होते, तेव्हा समितीचा अहवाल वर जाईपर्यंत हमखास खंड पडतो. म्हणून महिना संपत आला की विभागातल्या कर्मचाऱ्यांकडे स्वतः जाऊन विचारायचं. एसआरएफची कागदपत्रं दोन वर्षं पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी तयार करायला घ्या.

आणि खात्याचं असं करा. फेलोशिप ज्या खात्यात येते, त्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका, यूपीआयला ते खातं जोडू नका. दुसरं एक घरखर्चाचं खातं असू द्या. दर ५ तारखेला पहिल्या खात्यातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम टाका, तोच तुमचा पगार. चार महिन्यांचे एकदम जवळपास दीड लाख आले तरी पगार तेवढाच. एकदम आलेली रक्कम बघून फ्रिज, फोन, गोव्याची ट्रिप सुचते, आणि ते पैसे तर मागच्या चार महिन्यांच्या उधारीचे असतात. बांधलेल्या खर्चाचे तीन महिने पहिल्या खात्यात जमेपर्यंत मोठी वस्तू घ्यायची नाही, हा नियम आम्ही दोघांनी पाळला. आमच्यासाठी तो आकडा ४८,००० होता. जमायला चौदा महिने लागले.

उधारी लागलीच तर एकाच किराणा दुकानात, वहीवर, ठरलेल्या रकमेपर्यंत. घरमालकांना पैसे थांबले त्याच आठवड्यात सांगा. भाडं चुकल्यावर सांगितलेली अडचण सबब वाटते.

फेलोशिपबरोबरच्या घरभाडे भत्त्याचंही पाहा. वसतिगृहात जागा मिळालेली नसेल तरच तो मिळतो, आणि मिळत असलेली जागा स्वतःहून नाकारली तर त्यावरचा हक्क जातो. त्यामुळे लग्न करून बाहेर राहायला जाण्याआधी वसतिगृहात जागा उपलब्ध नसल्याचं पत्र घ्या. माझ्या फाइलमध्ये ते पत्र नव्हतं आणि पहिले आठ महिने भत्ता आला नाही.

एक जण कमावतो आणि दुसरा स्पर्धा परीक्षा देतो. हे किती वर्षं चालवायचं?

तारीख ठरवा. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे. म्हणजे आयोग तुम्हाला थांबवायला येणार नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणत सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दहा वर्षं गेलेली माणसं आम्ही दोघांनी पाहिली आहेत. ती हुशार होती, कष्टाळूही होती. त्यांच्या घरात थांबण्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

आम्ही लग्नाआधीच कागदावर लिहिलं होतं: पूर्ण वेळ तीन पूर्वपरीक्षा, त्यानंतर नोकरी, आणि नोकरी करत द्यायची असेल तर खुशाल. तिसरी पूर्व हुकली त्या रात्री तो कागद आम्ही कुणीच काढला नाही. आठवडाभराने त्यानेच काढला. आता तो एका खासगी कंपनीत आहे. नोकरी करत एकदा परीक्षा दिली, निवड झाली नाही. घर मात्र टिकलं, कारण थांबायचं मी त्याला सांगितलं नव्हतं, आम्ही दोघांनी ते आधीच ठरवलं होतं.

दुसरं, हातखर्च. अभ्यास करणाऱ्याला चहाला, पुस्तकाला, मित्राच्या वाढदिवसाला दर वेळी मागावं लागू नये. आम्ही दोघांना १,५०० ठेवले होते. कमावणारीलाही तेवढेच. ते कशावर गेले हे विचारायचं नाही.

तिसरं म्हणजे घरकाम. नवरा अभ्यास करतो तेव्हा ‘त्याला त्रास देऊ नका’ आणि बायको अभ्यास करते तेव्हा ‘घरीच तर असते’, हे दोन्ही मी एकाच इमारतीत ऐकलंय. अभ्यासाचे तास हे कामाचे तास असतात. ते भिंतीवर लिहून लावा आणि पाहुणे आले तरी पुसू नका.

लग्नानंतर शिकायचं कशाला, असं घरचे म्हणतात. काय सांगू?

सावित्रीबाई फुल्यांचं लग्न १८४० साली झालं आणि शिक्षण त्यानंतर सुरू झालं. रमाबाई रानड्यांचंही तसंच, आणि त्यांना तर घरातल्या बायकांचाच विरोध होता. लग्नानंतर शिकण्याची वाट या शहरात जुनी आहे. पण घरच्यांशी बोलताना इतिहासापेक्षा आकडे उपयोगी पडतात. किती वर्षं उरली, फी किती, ती कोण भरणार, पुढे काय मिळू शकतं, हे एका पानावर लिहून न्या. माझ्या सासऱ्यांनी ते पान चष्मा लावून दोनदा वाचलं आणि नंतर तो विषय काढला नाही.

लग्नानंतर नाव बदलावं का? शिष्यवृत्तीला उत्पन्न कुणाचं दाखवायचं?

लग्न झालं म्हणून नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. शिक्षण चालू असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पदवीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत बदलू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं असलं की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज अडकतो आणि पैसे खात्यापर्यंत पोहोचत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती फक्त आधारवरचं आडनाव बदलल्यामुळे लटकली होती. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र लगेच काढून ठेवा, ते सगळीकडे लागतं.

उत्पन्नाबद्दल खूप गोंधळ असतो, कारण नियम दोन आहेत. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, विद्यार्थिनी विवाहित असेल आणि कमावती नसेल तर पतीचं उत्पन्न धरतात. सासऱ्यांचं किंवा दिरांचं नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राला मात्र लग्नानंतरही मुलीच्या आईवडिलांची स्थितीच पाहतात, नवऱ्याची नाही. सेतू केंद्रातून चुकीची कागदपत्रं मागितली गेली तर गोंधळू नका, आपण कोणत्या दाखल्यासाठी आलोय ते नीट सांगा.

राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विवाहित मुलींना हे आपल्यासाठी नाही असं उगाच वाटतं. संशोधन करणाऱ्यांनी आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. त्यांतल्या बार्टी, सारथी आणि टीआरटीआय पुण्यातच आहेत, शंका असेल तर प्रत्यक्ष जाता येतं.

घर कुठे बघावं?

वर्ग, अभ्यासिका आणि कमावणाऱ्याची नोकरी या तीन ठिकाणांच्या मधोमध. आंबेगाव, नऱ्हे, धनकवडी, वारजे, सांगवी इथे पेठांपेक्षा स्वस्त मिळतं, पण दोन हजार भाडं वाचवून दोघांचे मिळून रोज तीन तास रस्त्यावर जाणार असतील तर तो व्यवहार तोट्याचा.

मुला-मुलींची वसतिगृहं वेगळी असतात, त्यामुळे जोडप्याला बहुतेक ठिकाणी बाहेरच राहावं लागतं. भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात तो नोंदवणं कायद्याने आवश्यक आहे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. ११ महिन्यांनी पुन्हा एजंटचं महिनाभराचं भाडं द्यावं लागू नये, म्हणून सुरुवातीलाच २४ किंवा ३३ महिन्यांचा करार मागून बघा. डिपॉझिट ही तुमचीच अडकलेली बचत आहे. घरात शिरताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवा.

डबा लावावा की घरी करावं?

परीक्षेच्या दोन महिन्यांत एकवेळचा डबा, एरवी घरी. आम्ही भाजी-आमटी घरी करायचो आणि पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणायचो. रोजचा एक तास वाचायचा. भाजी आठवडे बाजारातून किंवा मार्केट यार्डातून आणायची असेल तर शेजारच्या एखाद्या घराला बरोबर घ्या, नाहीतर तिथल्या मापाने घेतलेली अर्धी भाजी सडते.

भिशी लावू का?

ओळखीच्या दहा-बारा जणींची, महिन्याला हजाराची भिशी चांगली शिस्त लावते. पण लवकर उचलायच्या आशेने लावू नका. तुमचे पैसे वेळेवर येत नसतील तर इतरांचा महिना तुमच्यामुळे बुडतो, आणि त्यात नाती तुटतात. अशांना पोस्टातलं आवर्ती खातं जास्त योग्य, तिथे एखादा हप्ता चुकला तर थोडा दंड लागतो.

कर्ज काढायची वेळ आली तर?

मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज अजिबात नको. पाच हजारांसाठी संपर्कयादीतल्या सगळ्यांना फोन गेलेली घरं मी पाहिली आहेत.

घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज त्यामानाने स्वस्त आणि सुरक्षित. तिसऱ्या वर्षी माझी फेलोशिप पाच महिने थांबली तेव्हा मी आईने दिलेल्या बांगड्या ठेवल्या आणि अकरा महिन्यांनी सोडवल्या. त्या काळात आईला भेटायला जाताना पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायचे. आज वाटतं, तिला सांगायला हवं होतं.

फीसाठी शैक्षणिक कर्ज घेत असाल तर विवाहितांना सहकर्जदार म्हणून जोडीदारही चालतो. परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते, पण व्याज आधीपासून चढत असतं. जमलं तर ते व्याज दरमहा भरत जा. आणि हप्ता सुरू होण्याचा महिना आत्ताच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, बहुतेकांच्या घरात त्याच सुमाराला मुलाचा विचार सुरू होतो.

माहेरच्यांकडून किंवा सासरकडून पैसे घ्यावेत का?

घ्यावेत, पण नाव देऊन. भेट की उसने, हे त्याच दिवशी ठरवा, आणि जोडीदाराला कळल्याशिवाय कुणाकडूनही घेऊ नका. आईने गुपचूप मुठीत दिलेले दोन हजारसुद्धा. धान्य, डाळी, गावाकडचं तेल येत असेल तर आनंदाने आणा. ती मोठी मदत असते आणि तिची परतफेड कुणी मागत नाही.

उलट बाजूही आहे. गावी पैसे पाठवणं हे काही उरलं तर करायचं काम नसतं. रक्कम लहान ठेवा, पण बांधलेल्या ढिगात ठेवा.

आजारपणाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. त्यासाठी शिधापत्रिका नीट हवी. लग्नानंतर दोघांची नावं दोन गावच्या दोन कार्डांवर राहतात आणि ऐन वेळी धावपळ होते. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन स्वतःचं वेगळं कार्ड काढा. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात साधे आजार निघून जातात, तिथे जायला लाजू नका.

शिकत असताना मूल होऊ द्यावं का?

हे तुमच्या दोघांचं. मी फक्त पैशांची आणि वेळेची बाजू सांगते.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी करणाऱ्या स्त्रीला पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि पीएचडी पूर्ण करण्याच्या मुदतीत स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. रजेचा अर्ज आधी, लेखी, पोच घेऊन करा. मार्गदर्शकांना तोंडी सांगितलेलं पुरावा म्हणून चालत नाही. फेलोशिपचा कालावधी मात्र जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. मुदत वाढली तरी पैसे वाढत नाहीत, आणि नेमक्या या फरकात घरं अडकतात. पाचव्या वर्षानंतर घर कशावर चालणार, हे आधी बोलून घ्या.

प्रसूती ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात करायला कमीपणा मानू नका. सरकारी रुग्णालयात ती मोफत असते. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. नोंदणीचं अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात गरोदरपणातच विचारून ठेवा.

खरा खर्च नंतरचा, पाळणाघराचा. आमच्याकडे सासूबाई वर्षभर येऊन राहिल्या. त्यांचं येणं फुकट धरू नका. त्यांचा प्रवास, औषधं, गावचं बंद राहिलेलं घर, एका खोलीत तीन मोठी माणसं आणि बाळ, याची किंमत त्यांनी मोजली होती. आम्ही मोठी खोली घेऊ शकलो नाही. दर रविवारी दुपारी बाळाला घेऊन दोघं सारसबागेत जायचो, म्हणजे त्यांना दोन तास शांत झोप मिळायची. माझा प्रबंध त्या वर्षात पूर्ण झाला, आणि ऋणनिर्देशात त्यांचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली आहे.

पैशांवरून सारखी भांडणं होतात. काय करावं?

आधी बघा, भांडण पैसे कमी असल्याचं आहे की माहीत नसल्याचं. मी बांगड्या ठेवल्या त्याच काळात नवऱ्याने मित्राकडून २०,००० उसने घेतले होते आणि मला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते मित्राच्या बायकोकडून, एका बारशाला. वीस हजारांपेक्षा त्या बारशात मला कसनुसं झालं, तेच जास्त दिवस राहिलं. त्याचं म्हणणं होतं, तू आधीच इतकी काळजीत होतीस. तेही खरंच होतं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, अर्धा तास बसतो. दोघांच्या सगळ्या खात्यांचे आकडे समोर, कुणाला किती देणं आहे ते समोर. त्या अर्ध्या तासात मागच्या महिन्याची चूक काढायची नाही, फक्त पुढच्या महिन्याचं ठरवायचं. आणि कितीही घाई असली तरी ५,००० च्या वरचा खर्च दुसऱ्याला विचारल्याशिवाय करायचा नाही. रात्री अकरानंतर पैशांचा विषय काढत नाही, कारण थकलेल्या माणसाला प्रत्येक आकडा आरोप वाटतो.

मनच उडालं असेल, किंवा एकाने दुसऱ्याचं एटीएम कार्ड, फेलोशिपचं पासबुक काढून घेतलं असेल, तर तो हिशोबाचा प्रश्न राहत नाही. असं कार्ड किंवा पासबुक काढून घेणं हा आर्थिक छळ आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात स्त्रियांना त्यापासून संरक्षण आहे. अशा वेळी एकटीने सोसू नका, विश्वासातल्या माणसाला आणि संरक्षण अधिकाऱ्यांना सांगा.

हिशोब ॲपवर ठेवावा की वहीत?

जे दोघांनाही उघडता येईल त्यावर. आमची वही फ्रिजवर असते, पेन दोऱ्याने बांधलेलं.